हाताची घडी, तोंडावर बोट आणि त्यापुढचं

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पहिली-दुसरीच्या वर्गातलं वर्तन आणि जूनपासूनचे पहिले सहा आठवडे

महोदय,

सविनय नमस्कार.

मी ऐरोलीत राहते. ठाणे आणि नवी मुंबईच्या प्राथमिक शाळांत नोकरीची सगळी वर्षं काढली, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीच्या वर्गावर. निवृत्तीनंतर नव्याने रुजू झालेल्या शिक्षिका बोलावतात तेव्हा त्यांच्या वर्गात जाऊन बसते. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होऊन लांबच्या जिल्ह्यांतून आलेल्या या मुली हुशार आहेत, कष्टाळू आहेत. पण दुपारच्या सुट्टीत त्या एकच गोष्ट विचारतात, आणि विचारताना काहींचे डोळे भरलेले असतात : "मॅडम, मारायचं नाही, ओरडायचं नाही, हे पटतं. पण मग ही मुलं माझं ऐकणार कशी?"

या प्रश्नाला उत्तर आहे. ते वर्गातच सापडतं. मात्र त्यासाठी लागणारा वेळ आणि सोबत शिक्षिकेला आपलं खातंच देऊ शकतं, म्हणून हे पत्र उघडपणे आपल्याला लिहिते आहे.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. त्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा करणं आणि मानसिक त्रास देणं या दोन्हींवर बंदी आणली. कलम २९ तर अभ्यासक्रमच असा हवा म्हणतं की मूल भीती, धसका आणि चिंता यांपासून मोकळं राहील. हा कायदा झाला याचा मला मनापासून आनंद आहे. छडी गेली ती कायमची गेली पाहिजे. पण छडी काढून घेताना शिक्षकाच्या हाती दुसरं काही द्यायला हवं होतं, ते फारसं दिलं गेलं नाही. ती जागा मग जुन्याच सवयींनी भरून काढली. हाताची घडी, तोंडावर बोट. मॉनिटरने फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची. एकाने दंगा केला की सगळ्या वर्गाचा खेळाचा तास बंद.

फळ्यावरच्या नावांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ही पद्धत फार निरुपद्रवी समजली जाते. कोणत्याही वर्गात आठवडाभर लक्ष ठेवा, फळ्यावर रोज तीच तीन-चार नावं दिसतील. पहिल्या दहा मिनिटांत नाव लागलेल्या मुलाला उरलेल्या दिवसात चांगलं वागून मिळवायचं काहीच उरत नाही. बाकीची मुलं शिकतात ती एवढीच की वाईट मुलं कोण. आणि सात वर्षांच्या मॉनिटरच्या हातात आपण दुसऱ्याला बदनाम करण्याचा अधिकार दिलेला असतो. कायदा ज्याला मानसिक त्रास म्हणतो तो याहून फार वेगळा नसतो. ही पद्धत बंद व्हावी असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आमच्या भागातली मुलं कोण आहेत ते सांगते. दिघा, रबाळे, तुर्भे इथल्या वस्त्यांमधून येणाऱ्या कितीतरी मुलांचे आईवडील रोजंदारीसाठी नाक्यावर उभे राहतात, दगडखाणीत राबतात, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत कंत्राटावर जातात. आई वाशी-नेरुळच्या इमारतींत धुण्याभांड्याची कामं धरते आणि मूल उठायच्या आधी घराबाहेर पडते. घरी कोणी वडारी बोलतं, कोणी गोरमाटी, कोणी भोजपुरी, कोणी आगरी. मराठवाड्यातलं कुटुंब दिवाळीनंतर गावी गेलं तर परत कधी येईल याचा नेम नसतो. जानेवारीत अचानक नवं मूल दारात उभं राहतं. यांतल्या बऱ्याच मुलांनी रांग ही गोष्ट पाहिलेली असते ती सार्वजनिक नळावर, आणि तिथे जो घुसतो त्यालाच पाणी मिळतं. असं मूल वर्गात धक्का देऊन पुढे घुसलं तर ते बेशिस्त नसतं. त्याला जे जगाने शिकवलं तेच ते करतं. शाळेने त्याला दुसरं काही शिकवायला हवं, आणि शिकवायचं म्हणजे बेरीज शिकवतो तसंच : करून दाखवायचं, त्याच्याकडून करून घ्यायचं, चुकलं की पुन्हा.

जून-जुलैत हे नेमकं काय असतं? वर्गात शिरताना चपला कुठे काढायच्या. दप्तर कुठे ठेवायचं. पाटी-पेन्सिल कोणी वाटायची. बाईंनी टाळ्यांचा ठेका धरला की आपणही तोच ठेका वाजवून गप्प व्हायचं. शू लागली तर कसं सांगायचं. काम लवकर संपलं तर काय करत बसायचं. खिचडीच्या रांगेत हात कुठे ठेवायचे. शाळा सुटताना आधी कोणी उठायचं. यातली प्रत्येक गोष्ट एकेका दिवशी सावकाश शिकवावी लागते, नंतर कित्येक दिवस उजळणी करावी लागते, आणि पावसाळी दिवसांत, ओल्या छत्र्या नि भिजलेली दप्तरं घेऊन आलेल्या मुलांसह करावी लागते. ज्या शिक्षिकेला हे करायला मोकळीक मिळते तिच्या वर्गात गणपतीच्या सुट्टीनंतर आवाज चढवावा लागत नाही. जिला मिळत नाही ती मार्चपर्यंत "गप्प बसा" म्हणत राहते. दोघींच्या स्वभावात फरक असतोच असं नाही, फरक जूनमध्ये पडलेला असतो.

नियम थोडे असावेत, तीन किंवा चार, आणि काय करू नये यापेक्षा काय करावं ते सांगणारे. "धावू नका" पेक्षा "वर्गात चालत जाऊया" मुलाला लवकर कळतं. कौतुकही नेमकं हवं. नुसत्या "शाब्बास"ने मुलाला आपण काय बरोबर केलं ते समजत नाही. "शेजारच्याचं रबर तू आधी विचारून घेतलंस" असं म्हटलं की ते मूलही पुन्हा विचारतं आणि ऐकणारी आजूबाजूची चार मुलंही विचारू लागतात. प्रश्न विचारल्यावर थांबणं हेही वर्तनाचंच काम आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेला वर्गांचं निरीक्षण करताना आढळलं की प्रश्न विचारून शिक्षक साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागतात. ज्या मुलाच्या घरची भाषा वेगळी आहे त्याला हे दोन सेकंद किती मोलाचे आहेत ते आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही शिक्षिकेला विचारा.

दुसरीतल्या एका मुलाबद्दल सांगते. तो इतरांना मारायचा. पालकांना दोनदा बोलावलं होतं, वडिलांनी घरी नेऊन त्याला मारलं, आणि तो शाळेत आणखी मारू लागला. त्याच्या बाईंना मी एक साधी वही करायला सुचवलं : कधी मारलं, त्याच्या आधी काय झालं, मारल्यानंतर त्याला काय मिळालं. काही दिवसांतच दिसलं की जवळजवळ सगळी भांडणं मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला होतात. घरून तो काही न खाता येत होता. बाईंनी त्या तासाला बैठं लेखन काढून हालचालीची कविता ठेवली, सकाळी त्याला काहीतरी खायला मिळेल अशी व्यवस्था केली, आणि पाण्याच्या बाटल्या भरून आणायचं काम त्याच्याकडे दिलं. मारणं लगेच थांबलं नाही, पण कमी होत गेलं. वही नसती तर तो "मारकुटा" म्हणूनच पाचवीत गेला असता. अशी वही ठेवायला खर्च शून्य. वेळ मात्र लागतो, आणि ती वाचून दोन शब्द सांगणारं अनुभवी माणूस लागतं.

नेमक्या याच दोन गोष्टी नाहीत. जून उजाडला की शिक्षिकेच्या मागे ऑनलाइन माहिती भरणं, आधारची पडताळणी, पाठ्यपुस्तकं आणि गणवेशाच्या याद्या, निरनिराळी सर्वेक्षणं लागतात. माझ्या ओळखीच्या एका शाळेत पहिलीचा वर्ग जुलैमध्ये कितीतरी दिवस शेजारच्या वर्गाला जोडून बसवला होता, कारण बाई कार्यालयात माहिती भरत होत्या. दोन वर्ग एका खोलीत, म्हणजे हाताची घडी आणि तोंडावर बोट याशिवाय त्या दुसऱ्या बाईंकडे उपाय काय होता? कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपू नये असं सांगतं. कागदांचं हे ओझं त्या कलमाच्या शब्दांत बसत नसेलही, पण वर्गाच्या दृष्टीने परिणाम तोच होतो.

केंद्र सरकारचा 'विद्याप्रवेश' कार्यक्रम २०२१ पासून पहिलीच्या मुलांसाठी तीन महिने खेळातून तयारीचे मानतो. पहिली ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत हा २०२४ चा निर्णय मुलांच्या झोपेसाठी चांगला होता, आणि पुरेशी झोपलेली मुलं कमी चिडतात हे आम्ही रोज पाहतो. शनिवारी मुलांना आनंदाने शिकता यावं म्हणून 'आनंददायी शनिवार' हा उपक्रमही आला. दिशा बरोबर आहे. म्हणूनच अधिक आग्रहाने सांगते की शनिवारच्या आनंदाला सोमवार ते शुक्रवारच्या वर्गाचा आधार लागतो, आणि तो आधार जूनमध्येच उभा राहतो.

प्रशिक्षणाबद्दल. डी.एल.एड. या शिक्षक पदविकेच्या पेपरात बालमानसशास्त्राच्या व्याख्या लिहिता येतात. सेवांतर्गत प्रशिक्षणात पडद्यावर सरकणारी पानं बघता येतात. पण चाळीस मुलं एकदम बोलायला लागली की काय करायचं हे दुसऱ्या शिक्षिकेला करताना पाहूनच येतं. मुलाला ओळखून शिकवण्याचा आपल्याकडे थोर वारसा आहे आणि तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलाच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. मुलं शाळेत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा काढली. मुलाला शाळेच्या साच्यात कोंबण्याआधी मूल कुठून येतं ते त्यांनी पाहिलं. तुर्भ्याच्या खाणीजवळच्या शाळेला आज त्याचीच गरज आहे.

मी मागते आहे ते थोडं आहे. शाळा सुरू झाल्यापासून सहा आठवडे पहिली आणि दुसरीच्या वर्गशिक्षकांना वर्ग सोडून कोणतंही काम देऊ नये. ना माहिती भरणं, ना बाहेरचं प्रशिक्षण, ना दुसऱ्या वर्गाचा भार. त्याच काळात केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका अनुभवी शिक्षिकेला नव्या शिक्षिकेच्या वर्गात बसून मदत करण्यासाठी ठरावीक दिवस मोकळं करावं. तिने शेरेबुक आणू नये, अहवालही लिहू नये. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत एक तास मुलांच्या वर्तनावर, वर सांगितलेल्या वहीतल्या खऱ्या नोंदींवर, मुलांची नावं न घेता चर्चा व्हावी. काही मुलांची अडचण वर्गात सुटणारी नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेलाही मान्यता दिली आहे, आणि अशा मुलांसाठी वाशीत महापालिकेचं ईटीसी केंद्र आहे. पण शाळेतून तिथवर मूल पोहोचवायचं तर विशेष शिक्षक शाळेच्या आवाक्यात हवा. पट जास्त असलेल्या शाळांतही पहिलीला तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण सगळ्यांत आधी पाळलं जावं.

आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांना कृपया कळवावं की शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग नव्हे. गटात बोलत काम करणारी मुलं पाहून "वर्गावर नियंत्रण नाही" असा शेरा मारला गेला की ती शिक्षिका दुसऱ्या दिवसापासून तोंडावर बोट ठेवायला लावते.

वर्गवाटप बहुतेक शाळांत उन्हाळी सुट्टीच्या सुमारास ठरतं. पहिलीचा वर्ग कोणाला द्यायचा हेही तेव्हाच ठरतं, आणि पुष्कळ ठिकाणी तो सगळ्यांत नव्या शिक्षिकेच्या वाट्याला येतो. त्यामुळे याबाबतचं परिपत्रक एप्रिल संपण्याआधी शाळांपर्यंत पोहोचावं, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
ऐरोली, नवी मुंबई