‘हे काय करतं?’ असं विचारणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. ‘असू दे गं’ म्हणून तुम्ही विषय बदलता आणि सुईच्या नंबरांवर घसरता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. स्टीमपंक, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या वाफेच्या यंत्रांवर बेतलेल्या कल्पित जगाच्या पोशाखाच्या नादी लागलेल्या आणखी कुणाच्या हाती पडलं तर तिचंही काम सोपं होईल. नाव मात्र लिहीत नाही. तुम्हाला ते खपणार नाही, हे विचारायची गरजच नाही.

सामान माझ्याकडे आधीपासून भरपूर होतं. कॉर्सेट (आत पट्ट्या घातलेली, दोरीने आवळायची कंबरचोळी), गॉगल, तिरकी बसवायची छोटी टॉप हॅट, पिशवीभर दातेरी चक्रं. तुम्ही ते सगळं टेबलावर मांडायला लावलंत आणि छान-वाईट काही न म्हणता एकेक वस्तू उचलून विचारत गेलात, ‘हे काय करतं?’ नाटकांचे पोशाख सांभाळण्यात उमर गेलेल्या बाईचाच हा प्रश्न. नटीचा हात खिशात जाणार असेल तर खिसा खरा हवा, एवढा साधा तुमचा हिशेब.

चक्रांची गोष्ट तर मी येईल त्याला ऐकवते. तुम्ही तीन चक्रं घेतलीत, त्रिकोणात अशी ठेवलीत की प्रत्येकाचे दात बाकी दोघांत अडकतील, आणि म्हणालात, ‘फिरव.’ पहिलं उजवीकडे वळलं की दुसरं डावीकडे वळणार, दुसऱ्यामुळे तिसरं उजवीकडे. पण तिसरं पहिल्यालाही भिडलेलं, आणि त्या बाजूने त्याला डावीकडे वळायला हवं. सगळं जागच्या जागी ठप्प. आता स्टीमपंकच्या नावाखाली विकले जाणारे दागिने बघताना माझी नजर आधी हा त्रिकोण शोधते, आणि तो हमखास सापडतो. माझ्या हातपट्ट्यावर चक्रं एका रांगेत आहेत. आठ दातांचं छोटं, त्याला लागून चोवीस दातांचं मोठं. छोट्याचे तीन फेरे झाले की मोठ्याचा एक. पितळी रिव्हेटखाली पातळ वॉशर घालून ती सैल बसवायची युक्तीही तुमचीच. आता लोक ते चक्र बोटाने फिरवल्याशिवाय सोडत नाहीत.

हातपट्टा आहे मात्र नुसत्या फोमचा, आणि हे कुणाला पटत नाही. पाच मिलिमीटरचा ईव्हीए फोम, हलका, रबरासारखा. आधी हीट गनने शेकायचा, म्हणजे वरची छिद्रं मिटून पृष्ठभाग किंचित चकाकतो. मग पांढऱ्या गोंदाचे पातळ हात. मग सगळीकडे काळा रंग, आणि तो पुरता वाळल्यावर ब्रशवरचा पितळी रंग कापडाला जवळजवळ सगळा पुसून, उरलेला फक्त कडांवर आणि उंचवट्यांवर ओढायचा. ‘जिथे हात लागतो तिथे धातू उजळतो, जिथे फडकं पोचत नाही तिथे काळा पडतो,’ असं म्हणत तुम्ही माझ्या हातातला ब्रश धरून थांबवलात, कारण मी कोपरेही रंगवायला निघाले होते. तांब्यावर चढते तशी निळसर हिरवी झाकही तुम्ही फक्त सांध्यांत, पाणी साचेल अशाच जागी लावू दिलीत.

एका बाबतीत मात्र हे नुसते आभार नाहीत. सुट्या भागांसाठी मी जुनी बंद घड्याळं जमवली होती. त्यांतलं एक, अंधारात चमकणाऱ्या काट्यांचं, तुम्ही न उघडताच पिशवीत घालून बाजूला ठेवलंत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून साधारण १९६०च्या दशकापर्यंत असल्या रंगात रेडियम असायचं. चमक गेली म्हणून ते निरुपद्रवी झालं असं नाही. रंगातला चमकणारा पदार्थ थकतो, रेडियम तसंच राहतं. त्याचं निम्मं व्हायलाच सुमारे १६०० वर्षं लागतात. काटे खरवडले की ती धूळ श्वासातून आत. ज्या कुणी जुनी घड्याळं फोडून कानातले करत असतील, त्यांनी एवढं वाक्य तरी लक्षात ठेवावं.

मग तुम्ही विचारलंत, ‘ही बाई आहे कोण?’ हवाई जहाजाची कप्तान, असं माझं उत्तर तयार होतं; तुम्ही एक भुवई उचललीत आणि ते तिथेच संपलं. तारायंत्र, म्हणजे टेलिग्राफ, दुरुस्त करणारी बाई आपण तुमच्याच टेबलावर घडवली. ती हवेतली नव्हती हे विशेष. सारा बॅगली १८४६मध्ये अमेरिकेतल्या लोवेल गावी तारायंत्रावर कामाला लागली होती, म्हणजे माझ्या बाईला निदान एक खरी पूर्वज आहे. ती ठरली आणि बाकीचं आपोआप सुटत गेलं. खांबावर चढायचं तर घोळदार घागरा कसा चालेल? म्हणून खाली घोट्याशी चुण्या घेतलेली विजार, १८५१मध्ये अमेलिया ब्लूमर यांच्या नावाने गाजली त्या धाटणीची, आणि वर पुढून आखूड, मागून लांब स्कर्ट. मागचा फुगा आतून शिवलेल्या कड्यांमधून फीत ओवून वर ओढता येतो. फीत सोडली की घेर खाली, ओढली की बसल, म्हणजे मागचा तो फुगा. माझं सगळ्यात आवडतं यंत्र हेच, आणि त्यात एकही चक्र नाही.

कमरेचा शॅटलेन तर निव्वळ तुमच्या हट्टापायी झाला. किल्ल्या, कात्री, अंगुस्ताना असं सगळं साखळ्यांनी कमरेला अडकवायची व्हिक्टोरियन बायकांची रीत मला चित्रांतून माहीत होती, पण तो अंगावर घालून चालणं वेगळं. साखळ्या कमी-जास्त लांबीच्या ठेवा म्हणजे गुंतत नाहीत. कात्रीला म्यान हवं. आणि आकडा स्कर्टच्या कापडाला नाही, चामडी पट्ट्याला, नाहीतर दिवसभराच्या वजनाने नेफा फाटतो. माझ्या साखळ्यांना तांब्याच्या तारेचं रीळ, छोटी पक्कड आणि एक शिट्टी आहे. शिट्टी काय करते, ते तुम्ही अजून विचारलेलं नाही. नकाच विचारू.

कॉर्सेटवर तुमचं व्याख्यान लांबलचक होतं, त्यातलं मोजकंच इथे. बाजूंना गुंडाळीच्या पोलादी पट्ट्या, कारण त्या दोन्हीकडे वाकतात. मागे आयलेटच्या, म्हणजे दोरी ओवायच्या भोकांच्या, शेजारी मात्र सपाट पट्टी, म्हणजे दोरी ताणली तरी कड सरळ राहते. पुढचा बस्क, म्हणजे आकड्यांनी बंद होणारी पट्टी, काढण्याआधी मागची दोरी सैल करायची. आणि आवळायचं नाही! कंबर बारीक दिसायला कंबर आवळावी लागत नाही, नितंबांवर आणि छातीशी थोडी भर घातली तरी नजर फसते. त्या काळच्या शिवणारणींनाही हे पक्कं ठाऊक होतं. बूट आधी घालायचे, कॉर्सेट नंतर, ही सूचना तुम्ही इतक्या गंभीरपणे दिलीत की मला हसू आलं होतं. एकदा कॉर्सेट चढल्यावर बुटाची नाडी किती लांब जाते हे कळलं आणि हसू गेलं.

रंगावरून आपण भांडलो. मला सगळं तपकिरी हवं होतं, स्टीमपंक म्हणजे तपकिरी अशी समजूतच आहे. तुम्ही विल्यम पर्किनला मध्ये आणलंत. वय अठरा, १८५६ साल, कृत्रिम क्विनाइन करायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला; पुढच्या काही वर्षांत रस्त्यावरचे घागरे भडक झाले. ‘बायका तपकिरी नव्हत्या, त्यांचे फोटो तपकिरी आहेत,’ हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. स्कर्टचं अस्तर म्हणूनच जांभळं आहे. चालताना मागून तेवढं झळकतं आणि मला जरा जास्तच चालावंसं वाटतं.

गॉगलच्या बाबतीत मात्र मी जिंकले, हे इथे चारचौघांत नोंदवते. तार दुरुस्त करणाऱ्या बाईला गॉगल कशाला, असं तुमचं म्हणणं. पण तारायंत्राला वीज पुरवायच्या त्या बॅटऱ्या; १८३६च्या डॅनियल सेलमध्ये सल्फ्युरिक आम्ल असायचं. आम्ल भरताना डोळ्यांवर काही नको? तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात आणि म्हणालात, ‘मग काचांवर शिंतोड्यांचे डाग हवेत.’ डाग आहेत, तुम्हीच पाडलेत.

ताई, मनापासून आभार. आता जॅकेट घ्यायचंय, १८९०च्या दशकातल्या त्या फुगीर बाह्यांचं. बाहीचा कागदी नमुना काढून ठेवलाय, मुंढ्यात अर्धा इंच जास्त धरलाय, बक्रम (आतलं ताठ कापड) कुठवर घालायचं ते कळत नाहीये. गुरुवारी तुम्हाला वेळ असेल तर नमुना घेऊन येते.

तुमची,
तारवाली