मंगळवार पेठेतल्या बाईंना, टँकरवाल्याकडून

आदरणीय बाई,
शि. सा. नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. अख्खा बोळ तुम्हाला बाई म्हणायचा, म्हणून मीपण बाईच म्हणतो. मागच्या महिन्यात कोल्हापुरात मंगळवार पेठेत पाण्याची खेप होती तेव्हा मुद्दाम तुमच्या बोळात डोकावलो. घर पाडलंय. खाली पार्किंग, वर तीन मजले. कोपऱ्यावरचा गिरणीवाला म्हणाला, बाई पुण्याला लेकीकडं गेल्या. नंबर त्याच्याकडंही नव्हता. म्हणून हे सगळ्यांच्या देखत लिहितोय. बोळातल्या कुणी वाचलं तर तेवढं तुमच्या कानावर घालावं.

ओळख पटावी म्हणून सांगतो. २०१९ चा महापूर. निळ्या टाकीचा दहा हजार लिटरचा टँकर, डावा आरसा दोरीनं बांधलेला. तो मी.

त्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३. शिरोलीजवळ हायवेवर पाणी, गाड्या जागच्या जागी. शिंगणापूर, बालिंगा, नागदेववाडी इथली उपसा केंद्रं बुडाली, मोटारी बंद पडल्या. गावाला पाण्याचा वेढा आणि नळाला थेंब नाही. पुण्याच्या पाव्हण्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसायला लागला. त्याला वाटलं चेष्टा करतोय.

मी त्याआधी अकरा वर्षं दुधाचा टँकर चालवला, कोल्हापूर-मुंबई. संध्याकाळी भरायचं, रात्रभर हाणायचं, पहाटे वाशीला लावायचं. दूध चार डिग्रीला थंड करून टाकीत सोडतात, झाकणाला आणि व्हॉल्व्हला सील. सील तुटलं तर ड्रायव्हर चोर, दूध फाटलं तर ड्रायव्हर आळशी. पण खरी परीक्षा टाकीची. गच्च भरलेली टाकी शहाण्यासारखी चालते. रिकामी असली तरी तक्रार नाही. निम्मी भरलेली म्हणजे दारू प्यालेला रेडा. ब्रेक दाबला की गाडी थांबते, आतलं थांबत नाही. ते मागं जातं, परत पुढं येऊन आदळतं आणि उभ्या गाडीला हातभर ढकलतं. पाण्याच्या टाकीत आडवे पडदे असतात, त्यानं जोर मोडतो. दुधाच्या टाकीत कानेकोपरे चालत नाहीत, तिथं राहिलेलं दूध नासतं. त्यामुळं लाट मोकळी. खंबाटकी उतरताना ती लाट पाठीत जाणवते. आजही सिग्नलला मी पुढच्या स्कूटरपासून लांब उभा राहतो, आणि मागचे हॉर्न मारतात.

आबांना अर्धांगाचा झटका आला म्हणून मुंबई लाइन सोडली आणि गावातच पाण्याच्या टँकरवर लागलो. वाटलं, हे सोपं. ना सील, ना फॅट, ना नासायची भीती. बाई, पेट्रोलच्या गाडीपासून लोक चार हात लांब राहतात, दुधाच्या गाडीला हॉर्न मारतात आणि पाण्याच्या गाडीवर चढतात. हे मला महापुरात कळलं.

कळंब्याला फिल्टर हाऊसवर भरायला तीन-तीन तास रांग. पाऊस थांबायला तयार नाही. दिवसभर ओल्यात उभं राहून पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, क्लच दाबला की डोळ्यांत पाणी यायचं. त्या दुपारी तुमच्या बोळात रिव्हर्स घेतला. दोन्हीकडं वीतभर जागा, मागं क्लीनर ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणतोय, आणि गाडी थांबायच्या आत दोन पोरं टाकीवर. पलीकडच्या तालमीची पोरं आली, ‘आधी आमच्या गल्लीत लाव.’ एकानं पाइप ओढला. एक पोरगी कळशी घेऊन ओरडत होती, ‘मी आधी आलोय, मी सकाळधरनं थांबलोय!’ (आमच्या कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात, बाहेरच्यांनी गोंधळून जाऊ नये.) कुणीतरी खिडकीतनं हात घालून चावी काढून घेतली. ‘काय रं, कालची खेप कुठं इकलास?’ असं विचारत एकानं माझी कॉलर धरली.

तेव्हा तुम्ही आलात. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात खडू. काय बोललात ते नीट आठवत नाही, पण आधी चावी मागितलीत आणि त्या पोरानं ती दिली. पोराच्या तोंडाकडं बघून कळलं, हा कधीतरी तुमच्या वर्गात बसलेला असणार.

मग टँकरच्या दाराच्या आतल्या बाजूला, जिथं पाऊस लागत नव्हता, तिथं तुम्ही गणित मांडलंत. दहा हजार भागिले पंधरा, कारण एका घागरीत पंधरा लिटर मावतं. सहाशे सहासष्ट घागरी. बोळात घरं शहाण्णव. घराला सहा म्हणजे पाचशे शहात्तर. उरल्या नव्वद. ‘गळती धरून ऐंशी,’ असं म्हणून तालमीच्या पोरांकडं वळलात, ‘त्या तुमच्या. आता पाइप धरा.’ पाइप ओढणाऱ्यानंच पुढचा दीड तास पाइप धरला. प्रत्येक घागरीवर खडूनं घराचा आकडा. अंथरुणावर म्हातारं माणूस असलेली घरं पहिली. मी तेवढा वेळ केबिनमध्ये बसून पिठलं-भाकरी खाल्ली, तुमच्याच घरची. अकरा वर्षांच्या मुंबई लाइनवर मला कुणी गाडी खाली होईपर्यंत बसून जेव म्हटलं नव्हतं.

ते सगळं तुम्ही वहीत लिहायचा, शिसपेन्सिलनं. मी म्हटलं, बाई, पेन देऊ का? म्हणालात, ‘शाई पावसात टिकत नाही.’

हे वाक्य माझ्या किती कामाला आलं ते तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. पूर ओसरल्यावर माझ्या नावानं तक्रार गेली, की बुधवारी दुपारी चारची खेप मी एका हॉटेलला विकली. ठेकेदारानं एकोणीस खेपांचे पैसे अडवले आणि उद्यापासून येऊ नको म्हणाला. माझ्याकडं सह्या घेतलेल्या पावत्या होत्या, पण डॅशबोर्डवर भिजून त्यांचा निळा लगदा झालेला. सही कुणाची, तारीख कुठली, काही कळेना. विकणारे नव्हतेच असं मी म्हणत नाही. होते. म्हणूनच माझ्यावर कुणाचा विश्वास बसेना.

क्लीनरनं तुम्हाला सांगितलं असणार. दुसऱ्या दिवशी तुम्ही रिक्षानं, तक्रार गेली होती त्या ऑफिसात आलात, वही दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेली. साहेब वही चाळायला लागले, तर तुम्ही म्हणालात, ‘वाचा. मोठ्यानं.’ आणि पन्नाशीचा माणूस उभा राहून वाचायला लागला! बुधवार, ७ ऑगस्ट. आले तीन पन्नास, गेले पाच वीस. गाडीचा नंबर. घरं शहाण्णव, घागरी पाचशे शहात्तर, पलीकडच्या गल्लीला ऐंशी. तिथंच प्रकरण मिटलं. पैसे मिळायला दिवाळी उजाडली, पण पुरते मिळाले, आणि गाडी माझ्याकडं राहिली. ठेकेदार सॉरी म्हणाला नाही. अपेक्षाही नव्हती.

जाताना वही माझ्या हातात दिलीत, ‘असू दे, पुन्हा लागेल.’ पुन्हा लागली नाही. २०२१ ला परत पूर आला, परत उपसा केंद्रं बुडाली, तेव्हा मी स्वतःची वही केली. बोळ दिसला की आधी घरं मोजतो, मग दार उघडून भागाकार. पोरं हसतात, पण आकडा समोर दिसला की भांडत नाहीत. २०२३ च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणातनं थेट पाइपलाइन आली, तरी कुठं ना कुठं लाइन फुटते, लाइट जाते, आणि फोन येतो. खडू आणि शिसपेन्सिल केबिनमध्ये कायम असते.

तुमच्या वहीतला शेवटचा रकाना मात्र मला बरेच दिवस कळला नव्हता. साहेबांनीही तो वाचला नाही. वर नुसतं ‘जे.’ आणि खाली बरोबरच्या खुणा. मला वाटलं जेरीकॅन. बायकोनं बघितलं आणि म्हणाली, अहो, जेवला. तुम्ही रोज विचारायचा ना, ‘जेवलास का रे?’

बाई, त्यात गुरुवारी, ८ तारखेला, बरोबरची खूण आहे. ती चुकीची आहे. तुमच्या घरातलं पीठ संपत आलंय असं क्लीनरनं ऐकलं होतं, म्हणून मी जेवलो म्हणून सांगितलं. खोटं बोललो. तेवढी खोडून घ्या.

तुमचा,
निळ्या टँकरवाला

ता. क. वही माझ्याकडंच आहे. पत्ता कळवलात तर पुण्याला आणून देतो.