प्रत्येक पुरळ घामोळे नसते

महोदय,

कोकणातल्या दमट उकाड्यात बाळांच्या मानेवर घामोळे उठते आणि पावसाळ्यात नीट न वाळलेल्या लंगोटांनी जांघा लाल होतात, हे घरोघरी ठाऊक असल्याने पाळणाघरांत कोणतेही पुरळ ‘उष्णतेचे’ ठरवून त्यावर पावडर थापली जाते. गेल्या महिन्यात माझ्या ११ महिन्यांच्या नातीच्या तळहातांवर व तळपायांवर बारीक फोड आले, तोंडही आले. तरी ती संध्याकाळपर्यंत इतर मुलांच्या खेळण्यांतच होती. घामोळे सहसा तळहातांवर येत नाही, एवढे सांभाळणाऱ्या ताईंना कोणी सांगितले असते, तर हात-पाय-तोंडाचा हा संसर्ग त्याच दिवशी ओळखता आला असता. (दोष त्यांचा नव्हे, त्यांना शिकवतो कोण?) या आजाराचे विषाणू मुलाच्या शौचातून कित्येक आठवडे बाहेर पडत असल्याने लंगोट बदलल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुणे अपरिहार्य आहे. कांजिण्या झालेल्या मुलास सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत घरीच ठेवावे. तापासोबत आलेले लालसर-जांभळे ठिपके काचेचा पेला दाबूनही फिके पडत नसतील, तर पालकांची वाट न पाहता बाळास तत्काळ रुग्णालयात न्यावे. पाळणाघरांनी सकाळी बाळ ताब्यात घेतानाच अंगावरचे डाग पालकांसमक्ष वहीत नोंदवावेत, ही विनंती.

— एक आजी, रत्नागिरी