१५ लाखांचा हिशेब

पुणे,
रविवार, दुपार

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर मी मुंबईच्या नव्या नोकरीचा वर्षाचा पगार सांगितला, तर तुम्ही ‘१५ लाख’ एवढंच ऐकलंत आणि पुढचं तुमच्या कानात गेलंच नाही. मागून आई म्हणाली, ‘थांब, देवापुढे साखर ठेवते.’ मग मीही गप्प बसले. फोनवर आकडे सांगितले की तुम्ही ते लाइट बिलाच्या पाठीमागे लिहून घेता आणि आई ते बिल रद्दीत घालते. पत्र तरी फाइलला लावाल.

आधी एक विनंती. समोरच्या काकूंना हा आकडा सांगू नका. त्यांचा मुलगा बंगळुरूला २२ लाख घेतो. त्या लगेच वजाबाकी करतील, आणि मग तुम्ही मला विचाराल, ‘दोघंही फायनान्शियल अॅनालिस्टच ना, मग ७ लाख कमी का?’ मागच्या दिवाळीतही असंच विचारलं होतंत. तेव्हा मी चिडले होते, कारण मला नीट उत्तर देता येत नव्हतं.

बाबा, पोस्टात तुमचं मूळ वेतन सांगलीत जेवढं, तेवढंच मुंबईत. महागाई भत्ताही तोच. शहराचा फरक पडायचा तो मुख्यतः घरभाड्यात. तुम्ही २०१९ ला निवृत्त झालात तेव्हा मुंबईला २४ टक्के, सांगलीला १६, विट्याला ८. म्हणजे सरकार म्हणतं, काम तेच, फक्त राहायला जास्त लागतं, तेवढं घ्या. आमच्याकडे असं काही नाही. इथे पदाचं नाव सगळीकडे एकच असतं, पण त्या नावाखाली प्रत्येक शहरात वेगळं काम चालतं, आणि पगार त्या कामाचा असतो.

काकूंचा मुलगा सीए आहे. परदेशी बँकेने बंगळुरूत स्वतःचं ऑफिस थाटलंय, तिथे तो सहा वर्षं आहे. मी एम.कॉम., अनुभव चार वर्षांचा. तो आज पुण्यात आला तरी त्याला माझ्याएवढं कुणी देणार नाही, जास्तच देतील. २२ मधले सगळे ७ लाख बंगळुरूच्या हवेचे नाहीत.

माझं खराडीतलं काम तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. महिना संपला की तिसऱ्या कामाच्या दिवशी लंडनच्या साहेबांना एक तक्ता जातो. बजेट इतकं होतं, खर्च इतका झाला, फरक का पडला, हे प्रत्येक ओळीपुढे लिहायचं. चाळीसेक ओळी. गेली दोन वर्षं मी ‘प्रवासखर्च वाढला’ हे वाक्य किती तऱ्हांनी लिहिलंय ते विचारू नका. हेच काम लंडनमध्ये बसून कुणी करायचं म्हटलं तर त्याचा पगार माझ्या कितीतरी पट झाला असता. ते पुण्यात आलं ते इथे स्वस्तात होतं म्हणून. हे कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही, पण पगार कुठवर जाणार याचा अंदाज मात्र आला. सांगलीत हे काम नाहीच. तिथे सीएच्या ऑफिसात बसले असते, दगदग याहून जास्त आणि पगार १८-२० हजार. आई, ‘इकडेच काहीतरी बघ’ म्हणतेस त्याचं उत्तर हे आहे.

आता अनुभवाचं. तुम्हाला दर जुलैला ३ टक्के वाढ मिळायची, न मागता. मी २०२१ ला ४ लाख २० हजारांवर लागले. दोन वर्षं ‘अपेक्षेपेक्षा उत्तम’ असा शेरा मिळवला आणि ५ लाख १० हजारांवर पोचले. साहेबांनी बढतीचं कबूल केलं होतं, ते पुढच्या वर्षावर गेलं. मग कंपनी बदलली आणि एका उडीत ८ झाले, आता ११ लाख ४० हजार आहेत. माझ्याबरोबर लागलेली, माझ्याहून हुशार मैत्रीण अजून तिथेच आहे. तिला ७ लाख ८० हजार. अनुभव दोघींचा सारखाच. आत बसून राहिलं तर त्याला कुणी भाव विचारत नाही, दाराबाहेर पडून दुसऱ्या दारात उभं राहिलं की विचारतात. आणि तिथेही पहिला प्रश्न, ‘सध्या किती घेता?’ त्यावर काही टक्के चढवून देतात. म्हणजे सुरुवात ज्याची कमी, त्याचा तोटा वर्षानुवर्षं त्याच्या मागे चालतो.

आता तुमच्या आवडीचा भाग. वही घ्या.

तुम्ही ११ लाख ४० हजारांना १२ ने भागून ९५ हजार काढले होते, आणि ‘मग बाकीचे कुठे जातात?’ असं आईला विचारलं होतं (तिने सांगितलंय मला). त्यातले १ लाख १४ हजार कंपनीच्या मर्जीवर, वर्षाअखेरी. मूळ पगार महिना ४२,७५०. त्यावर १२ टक्के कंपनीचा पीएफ, तोही याच ११.४० मध्ये धरलेला. ग्रॅच्युइटी पाच वर्षांनी मिळणार, पण मोजायची आजपासून. मग माझा स्वतःचा पीएफ ५,१३० आणि व्यवसाय कर २००. हातात ७३ हजार. नव्या करपद्धतीत १२ लाखांच्या करपात्र उत्पन्नापर्यंत आयकर नाही, म्हणून निदान तो नाही.

मुंबईचे १५ लाख असेच सोलून बघा. मर्जीचे सव्वादोन लाख बाजूला. दोन्ही पीएफ, ग्रॅच्युइटी बाजूला. आणि आता उत्पन्न १२ लाखांच्या वर गेलं, त्यामुळे वर्षाला साधारण ८० हजार आयकर. हातात येतात ८४ हजार. कागदावर ३ लाख ६० हजारांची वाढ, हातात महिन्याला ११ हजारांची.

इथे चंदननगरला दोघींत माझ्या वाट्याचं भाडं ११ हजार आहे. तिकडे कलिन्यात एक जागा पाहून आले. तिघींत, माझा वाटा २२ हजार. स्वयंपाकघराची खिडकी उघडली की समोरच्या इमारतीचे पाइप. हात लांब केला तर लागतील. शिवाय ब्रोकरला एक महिन्याचं भाडं, आणि डिपॉझिट. झाली वाढ. बाबा, तुमची वजाबाकी शून्यावर आली असेल. माझीही आली.

तरी मी हो म्हणून आलेय. ते का, हे फोनवर सांगायचं राहिलं.

तिकडचं काम कर्जाचं आहे. कंपनीला कर्ज द्यायचं की नाही, दिलं तर किती, यावर टिपण लिहायचं. त्यासाठी कारखान्यात जायचं, मालकाशी बोलायचं, गोदाम बघायचं. मुलाखतीत त्यांनी नाव झाकलेला एका साखर कारखान्याचा ताळेबंद पुढे ठेवला आणि विचारलं, एवढं कर्ज बघून काय वाटतं? माझ्या आधी दोघांनी ‘धोक्याचं आहे’ म्हटलं होतं, हे नंतर कळलं. मी तारीख बघितली, ३१ मार्च. म्हटलं, गाळप नुकतंच आटपलंय, साखर गोदामात पडलीय, विकायची आहे वर्षभर, थोडी थोडी. पण उसाचे पैसे कायद्याने १४ दिवसांत द्यायचे. मग कारखाना साखर तारण ठेवून कर्ज काढणारच. मार्चअखेरीला ते फुगलेलंच दिसतं; सप्टेंबरचा आकडा दाखवा, मग बोलू.

समोरच्या बाई हसल्या. म्हणाल्या, ‘कुठल्या तुम्ही?’

बाबा, तुम्ही मला लुनावर पुढे उभं करून कारखान्याच्या रस्त्याला न्यायचात, ऊसगाड्यांची रांग बघायला. घरी कुणाकुणाचं बिल थकलंय ते आईला सांगायचात, मी ऐकत असायचे. ते कुठल्या रकान्यात लिहायचं मला माहीत नव्हतं. खराडीत त्याला कुणी विचारलं नाही. मुंबईत, बीकेसीतल्या या मुलाखतीत, त्याचं काम पडलं.

तेव्हा पहिली दोन वर्षं शिल्लक काही पडणार नाही, हे धरून चाला. तुमच्या खात्यात ५ तारखेला येणारे १५ हजार तसेच येतील, त्यात बदल नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू नका. साठलेल्या पीएफला हात न लावता ते जमतंय, मी हिशेब केलाय. सीएफए या आर्थिक विश्लेषणाच्या अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा मात्र आता देणार नाही, फी डॉलरमध्ये आहे.

नोटिस ९० दिवसांची आहे, त्यामुळे घाई काही नाही. मधल्या एका शनिवारी कोयना एक्सप्रेसने येते. आई, कलिन्यात ओटा लहान आहे, मोठा कुकर देऊ नकोस. भडंग चालेल.

आणि काकूंनी विचारलंच, तर सांगा, मुंबईला बदली झाली.

तुमची,
मनू