समुद्राकडे जाणारी वाट बंद करू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पेपरात कोकणातल्या बीच रिसॉर्टवर लेख आला होता, त्यात जागेचे भाव, रूमचे रेट, सी व्ह्यू सगळं होतं, पण गावातल्या माणसांनी समुद्रावर जायचं कुठून हे कुठेच नव्हतं, म्हणून लिहितेय.

आम्ही चौघं कॉलेजपासूनचे मित्र, तिघं गोरेगावचे आणि एक मैत्रीण मालवण तालुक्यातली. तिच्या वडिलोपार्जित जागेत आम्ही ६ खोल्यांचं छोटं हॉटेल काढलंय. सातबाऱ्यावर १९ नावं, त्यातली निम्मी माणसं लालबाग, डोंबिवलीत, एकेकाच्या घरी जाऊन संमती घेण्यातच दीड वर्ष गेलं. जागेच्या कडेने एक पायवाट माडांमधून सरळ पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर उतरते, रापण (मासेमारीचं मोठं जाळं) ओढायला माणसं त्याच वाटेने येतात. आम्हाला पहिला सल्ला मिळाला तो हाच की वाट बंद करा, गेट लावा, गेस्टना प्रायव्हसी हवी असते. त्याच संध्याकाळी शेजारचे आबा ओट्यावर येऊन बसले, बराच वेळ काही बोलले नाहीत, उठताना मैत्रिणीला एवढंच म्हणाले, "वाट तेवढी बंद करू नको गो, बाकी काय ता कर."

नंतर आम्ही सीआरझेडचे, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामाचे सरकारी नियम नीट वाचले तर त्यातही तेच. बीच रिसॉर्टसाठी प्लॉट किमान ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण ४० गुंठे हवा, उंची जास्तीत जास्त ९ मीटर, आणि शेजारशेजारच्या दोन हॉटेलांमध्ये लोकांना समुद्रावर जायला निदान २० मीटर जागा मोकळी सोडायची. २०१९ च्या नियमात दाट वस्तीच्या गावांसाठी भरतीरेषेपासून (भरतीचं पाणी जिथवर येतं तिथून) २०० मीटरपर्यंतची बांधकामबंदी ५० मीटरवर आणली, पण आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या गावात ती २०० मीटरच आहे. म्हणून आम्ही मागेच बांधलं, चिऱ्याच्या भिंती आणि वर कौलं. खोलीतून समुद्र दिसत नाही पण रात्री गाज ऐकू येते आणि एकाही गेस्टने त्यावरून तक्रार केलेली नाही.

पाण्याचं तर लोक विचारातच घेत नाहीत. किनाऱ्याजवळच्या विहिरीतून पंप लावून खूप उपसा केला की गोडं पाणी खाली जातं आणि समुद्राचं खारं आत शिरतं, मग आजूबाजूच्या विहिरीही खारट होतात. पहिल्याच मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं, तेव्हापासून स्विमिंग पूलचा विचार सोडला आणि एप्रिल-मे मध्ये ६ पैकी ४ च खोल्या देतो. अंघोळीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यात सोडतो, तिथून पुढे ते माडांना जातं. समुद्राच्या बाजूला रात्री दिवे लावत नाही, कारण अंड्यातून निघालेली कासवांची पिल्लं जिकडे उजेड तिकडे जातात आणि समुद्र सोडून वर येऊन मरतात. मुंबईहून बर्थडेला आलेल्या एका ग्रुपला पुळणीवर लायटिंग हवं होतं, नाही म्हटलं, बुकिंग गेलं. पुन्हा विचारलं तरी नाहीच म्हणू.

एक गोष्ट मात्र मनापासून खटकते. भरतीरेषा आमच्या जागेत नक्की कुठे येते हे समजायलाच एका ऑफिसात १४ महिने खेटे घातले, आणि तोवर जवळच एकाने परवानगीची वाट न बघता कंपाउंड वॉल उभी केली, गावकऱ्यांना आता वळसा घालून जावं लागतं. प्रत्येक किनारी गावाचा सीआरझेड नकाशा ग्रामपंचायतीत मराठीत लावला तर इतकं पळावं लागणार नाही, आणि गावकऱ्यांनाही भिंत उभी राहायच्या आधी बोलता येईल.

तुमच्या वार्ताहरांनी मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर एकदा चालत जावं आणि कुठल्या गावात समुद्राकडच्या किती वाटा उरल्यात ते मोजून छापावं ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक, गोरेगाव पूर्व, मुंबई