तो शिक्का राजाचा नाही

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीत मध्ययुगीन इंग्लंडवरचा लेख मस्तच होता पण त्यातल्या फोटोखाली 'राजाचा शिक्का' छापलंय ते काही पटलं नाही. आकार बघा ना, दोन्ही टोकांना निमुळता, मध्ये उभा माणूस, एका हातात वाकड्या मुठीची काठी आणि दुसरा आशीर्वादाला वर, म्हणजे हा सरळसरळ बिशपचा मेणातला शिक्का, राजाचा मोठा शिक्का गोल असायचा.

आणि खरी गंमत तर लेखात आलीच नाही. 1237 मध्ये पोपचा दूत ओटो लंडनला आला, तिथे नोटरी नव्हते म्हणून त्याने बिशपपासून ग्रामीण डीनपर्यंत (म्हणजे आसपासच्या काही चर्चवर देखरेख करणारा पाद्री) सगळ्यांना अधिकृत शिक्के ठेवायला लावले, आणि ज्यांचं पद तात्पुरतं त्यांच्या शिक्क्यावर फक्त पदाचं नाव, माणसाचं नाही, आणि पद गेलं की शिक्का लगेच जमा करायचा! (आपल्याकडे रिटायर झालेले साहेब लेटरहेड तरी परत करतात का?)

पोपचा मात्र शिशाचा, एका बाजूला संत पीटर आणि संत पॉल, दुसरीकडे पोपचं नाव. शिक्का ज्या दोरीने पत्राला लटकवायचे ती रेशमाची असेल तर काहीतरी सवलत वगैरे मिळालीय आणि तागाची असेल तर हुकूम किंवा कोर्टाचं काम, हे लोकांना न वाचताच कळायचं. त्यातही बनवेगिरी चालायचीच, खऱ्या पत्राचा शिक्का काढून खोट्याला लावायचे, तिसरा इनोसंट पोप तर याने पार वैतागला होता.

फोटोखालची ओळ तेवढी दुरुस्त करा प्लीज.

– एक वाचक, सातारा