दार उघडं होतं तर गेले का नाहीत

प्रिय नितीन,

परवा फोनवर तू म्हणालास की व्हिक्टोरियाच्या काळात इंग्लंडमधल्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे निराधार गरिबांना काम करून घेऊन ठेवायच्या घरांत, कोणाला कोंडून ठेवत नव्हते, मग लोक वर्षानुवर्षं तिथे पडून का राहिले, आयतं खायला मिळायचं म्हणूनच ना? तेव्हा नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितोय.

जेल नव्हतं हे खरंय. साधारण तीन तासांची नोटीस दिली की निघता यायचं. पण आयतं कसलं रे, 1834 च्या गरिबांच्या मदतीसाठीच्या कायद्याचा हिशोबच असा की आतलं जगणं बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुरापेक्षा वाईट ठेवायचं, म्हणजे नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, मुलं तिसरीकडे. तरी 1861 मध्ये पार्लमेंटने सलग पाच वर्षं किंवा जास्त आत असलेल्या मोठ्या माणसांची यादी मागवली तर ते आतल्या एकूण मोठ्या माणसांच्या शेकडा 20 च्या वर निघाले! यादीत प्रत्येकाचं नाव आणि राहण्याचं कारण आहे, आणि बहुतेकांपुढे म्हातारपण, आजारपण नाहीतर मानसिक आजार हेच. कामचुकार म्हणावेत असे फारच थोडे.

अरे जाणार कुठे? शेतावर राबून कंबर मोडलेल्या म्हाताऱ्याला काम कोण देणार, आणि पोरं स्वतःच अर्धपोटी. आत निदान छप्पर होतं, डॉक्टर यायचा.

मला सगळ्यात जास्त लागलं ते मतिमंद लोकांचं. त्यांना वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचं तर स्थानिक करातून जास्त पैसे जाणार, म्हणून जे कोणाला त्रास देत नाहीत त्यांना इथेच ठेवायचे, आणि धुणं, झाडलोट त्यांच्याकडूनच करून घ्यायचे. म्हणजे त्यांनी राहायचं ठरवलं असं आपण म्हणूच कसं शकतो? त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

पुढे 1909 पासून सत्तरीच्या पुढच्यांना आठवड्याला 5 शिलिंग पेन्शन सुरू झाली, पण सरकारी मदतीवर जगणाऱ्यांना ती आधी नव्हतीच, ती अट 1911 मध्ये गेली. आणि तरीही आतले म्हातारे फारसे कमी झाले नाहीत, कारण 5 शिलिंग हातात आले म्हणून अंथरुणातून उठवणारं, भरवणारं माणूस थोडंच मिळतं.

तुला अजून पटत नसेल तर सविस्तर लिही, मला खरंच यावर बोलायचंय. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अभय